हातची विद्या : पेडल खाली जाते, गिअर पडत नाही



मागच्या खेपेस पाण्याच्या मोटारीबद्दल लिहिले, तेव्हा काही तरुणांनी विचारले की गाडीच्या कामाबद्दल कधी लिहिणार? गाडीचे काम आमच्या दारापुढेच दीड महिना चालू आहे, आणि त्यातले निम्मे दिवस एका क्लचने खाल्ले. म्हणून आज क्लच. तोही तारेचा नव्हे, तेलाचा.

गाडी आमच्या भाच्याची. २००३ सालची टाटा सुमो. ही गाडी १९९४ साली टेल्कोने बाजारात आणली. नाव जपानी पैलवानांवरून पडले असे पुष्कळांना वाटते, पण ते टेल्कोची धुरा वाहिलेले सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून आले आहे. २०१९ मध्ये ही गाडी बनणे बंद झाले. तरी वऱ्हाडापासून दवाखान्यापर्यंत माणसे वाहून वाहून ती इतकी पसरली आहे की तिचे सुटे भाग अजून मिळतात. जुनी गाडी उभी करायची तर पहिला विचार हाच करावा, की उद्या रबराचा एक वायसर लागला तर तो कुठे मिळेल?

भाच्याने आय.टी.आय.मधून मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला. मग एका कारखान्यात कंत्राटावर लागला, कंत्राट संपले, घरी बसला. गॅरेजात विचारायला गेला की पहिला प्रश्न, ‘अनुभव आहे का?’ अनुभव कुठून आणायचा, तर जिथे अनुभव असल्याशिवाय उभे करत नाहीत तिथूनच. शेवटी त्याने साठवलेले थोडे आणि आमच्या धाकट्या बहिणीची, म्हणजे त्याच्या आईची, भिशी उचलून ही बंद सुमो घेतली. बहीण शाळेत पोषण आहार शिजवते. तिच्या दृष्टीने ही गाडी नव्हे, दोन वर्षांची भिशी आहे, आणि ती चार चाकांवर उन्हात उभी आहे. बरे, आधीच्या मालकाने २०२३ मध्ये नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतलेली होती. कागद बहिणीने स्वतः पाहिल्याशिवाय पैसे दिले नाहीत.

गाडी दोरी बांधून गल्लीत आणली. ब्रेक आधी केले, बॅटरी घातली, इंजिन सुरू झाले, पेढे वाटले. पण क्लचचे पेडल दाबले की ते चिखलात पाय जावा तसे खाली जाई आणि गिअर पडेना. त्यातच शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि काचेवर नोटीस चिकटली : पंधरा दिवसांत गाडी हलवा, नाहीतर बेवारस म्हणून उचलून नेऊ. शेजाऱ्यांचे चुकले असे आम्ही म्हणणार नाही. गल्ली अरुंद आहे, पाण्याचा टँकर वळताना त्रास होतोच. पण उचलून नेलेली गाडी सोडवायला दंड भरावा लागतो, आणि तो भरायला पुन्हा भिशी लावावी लागली असती.

आता क्लच म्हणजे काय ते थोडक्यात. चालत्या इंजिनापासून गिअरबॉक्सला घटकाभर तोडायचे, गिअर बदलायचा, पुन्हा जोडायचे, एवढेच त्याचे काम. रिक्षाला, मोटारसायकलला, मारुती ८०० ला हे काम तार करते. सुमोसारख्या गाडीत तारेऐवजी नळीतले तेल असते. पेडलमागे एक लहान सिलेंडर, त्यात दट्ट्या. खाली गिअरबॉक्सच्या घंटेला लागून दुसरा सिलेंडर, त्यातही दट्ट्या. मधे लोखंडी नळी आणि थोडी रबरी नळी. पायाने वरचा दट्ट्या ढकलला की तेल खालचा दट्ट्या ढकलते, तो काटा ढकलतो, काटा बेअरिंग ढकलतो आणि प्लेट सुटते. बंद जागेतल्या द्रवाला एके ठिकाणी दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेज पास्कलने सतराव्या शतकात मांडले. त्यावरच ब्रेक चालतो, जॅक चालतो, जे.सी.बी.चा हातही चालतो.

या दोन सिलेंडरांना खोक्यावर इंग्रजीत ‘मास्टर’ आणि ‘स्लेव्ह’ छापलेले असते. मालक आणि गुलाम! ही नावे कोणाला सुचली कोण जाणे. आमच्याकडची मेकॅनिक मंडळी ‘वरचा’ आणि ‘खालचा’ म्हणतात. तेही शब्द काही फार बरे नाहीत, पण इथे ते फक्त जागा सांगतात, म्हणून आम्ही तेच वापरू.

हिशेब समजावा म्हणून सोपे आकडे धरू. वरच्याचा व्यास १६ मि.मी., खालच्याचा २०. क्षेत्रफळाचे प्रमाण होते २५६ ला ४००. म्हणजे पायाचा जोर खाली दीडपटीहून जास्त होऊन पोचतो. पण फुकट काही मिळत नाही. वरचा दट्ट्या २५ मि.मी. सरकला तर खालचा सरकतो फक्त १६. आता वरच्या २५ पैकी ५ मि.मी. कुठे वाया गेले, हवेत गेले, गळतीत गेले, नळी फुगण्यात गेले, तर खाली पोचतात १२.८. तेवढ्याने प्लेट पुरती सुटत नाही आणि गिअर कर्रर्र करून परत फिरतो. तेलाच्या क्लचचा सारा रोग या चार-पाच मिलिमीटरांत असतो, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढचे सगळे रामायण त्यांच्याच शोधाचे आहे.

पहिला सल्ला मिळाला तो रस्त्यावरच्या एका मिस्त्रीचा. त्याने न वाकता सांगितले, ‘प्लेट गेली. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ आणि पाच आकडी रक्कम बोलला. बहिणीचा चेहरा उतरला. भाचा मात्र म्हणाला, ‘मामा, प्लेट गेली असती तर गाडी सटकली असती. इंजिन ओरडते आणि गाडी ओढत नाही, असे झाले असते. इथे उलटे आहे, प्लेट सुटतच नाही.’ मग त्याने दोन गोष्टी करून दाखवल्या. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकले, लोण्यात सुरी जावी तसे पडले. मग इंजिन सुरू करून पेडल भराभर पाच वेळा मारले आणि पाचव्या वेळी पहिला गिअर पडला. म्हणजे गिअरबॉक्स शाबूत, काटा शाबूत, दाब मात्र पुरा बनत नाही. पेडलच्या वर हात घालून पाहिले तर बोटे ओली. तिथल्या पत्र्याचा रंगही पोपडे येऊन निघाला होता. ब्रेक ऑइल रंग खाते, त्यामुळे ते किती दिवसांपासून गळते आहे हे पत्राच सांगतो.

तेव्हा गिअरबॉक्सला हात न लावता वरचा सिलेंडर काढायचा ठरला. काम अर्ध्या तासाचे, लागले दोन दिवस. कारण त्यात शिरणाऱ्या लोखंडी नळीचा नट. आधी कोणीतरी साध्या उघड्या पान्याने तो फिरवून त्याचे कोपरे मारून ठेवले होते. अशा नटासाठी वेगळा पाना असतो : रिंग पान्यासारखा, पण एका बाजूने कापलेला, नळीवरून आत सरकवता येईल असा. तो नट पाच बाजूंनी धरतो. भाच्याने तो एका मित्राकडून आणला, गंज सोडवायचे तेल मारून रात्रभर ठेवले, सकाळी फिरवला. नट फिरला, पण नळीला धरूनच फिरला. वीस वर्षांच्या गंजाने दोघे एकजीव झाले होते. नळी पिळली आणि काडीसारखी तुटली.

नवीन नळी आली म्हणजे नवा वाद आला. ओळखीच्या एका फ्रिजवाल्याने तांब्याची नळी देऊ केली, फुकट. हाताने वळते, जागेवर बसते, दिसतेही छान. भाच्याने नको म्हटले, आणि आमच्या मते बरोबर केले. साधे तांबे थरथरीत हळूहळू कडक होते आणि वळणावर किंवा टोकाला चिरते. क्लचला चिरले तर गाडी चौकात अडेल, पण हीच सवय ब्रेकच्या नळीला लागली तर जीव जाईल. पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथे जुनी नळी मापाला नेऊन पोलादी नळी करून आणली. तिचे टोक दुहेरी दुमडलेले असावे लागते. एकेरी दुमडलेले टोक पुढेमागे फुटते.

सिलेंडर उघडला तेव्हा आतून काळी राब निघाली आणि दट्ट्यावरचे रबर फुगून मऊ झालेले. इथे थांबून सांगण्यासारखे आहे. आपल्याकडे सगळ्यालाच ‘ऑइल’ म्हणतात, आणि ते नावच घात करते. क्लचमध्ये जाते ते ब्रेक ऑइल खनिज तेल नव्हेच. ते ग्लायकॉलच्या जातीचे रसायन आहे, पाण्यात मिसळते, पाणी शोषते. त्यातली रबरे त्याच्यासाठीच बनवलेली असतात. कोणी डबी रिकामी दिसली म्हणून इंजिनचे किंवा स्टिअरिंगचे तेल ओतले, तर ती रबरे तेल पिऊन फुगतात. फुगलेले रबर काही दिवस गळती थांबवल्यासारखे दाखवते, म्हणून ओतणाऱ्याला वाटते की आपण गाडी दुरुस्त केली! आमच्या गाडीत हे कधी आणि कोणी केले ते कळायला मार्ग नाही. पण एकदा असे तेल गेले की एक रबर बदलून भागत नाही, त्या तेलाला लागलेले प्रत्येक रबर बदलावे लागते. वरच्या सिलेंडरच्या आतल्या भिंतीला खड्डेही पडलेले होते. पॉलिश पेपर मारून चालवा, असे सांगणारे दोघे भेटले. पेपरने खड्डा जात नाही, भोक मोठे होते. म्हणून वरचा सिलेंडर पूर्ण नवा आणि खालच्याचे किट, असे ठरले. मधली रबरी नळीही बदलायची होती, पण ती दुकानात नव्हती. आठ-दहा दिवसांनी येईल म्हणाले. नोटिशीचे पाच दिवस गेले होते. नळी बाहेरून ठणठणीत दिसत होती, तेव्हा ती मिळेपर्यंत जुनीच ठेवून पुढे जायचे ठरले.

नवा सिलेंडर घराजवळच्या एका दुकानातून आला. खोके चांगले, छपाई चांगली, किंमत नाना पेठेपेक्षा दोनशेने कमी. बसवला, तेल भरले, पेडल कडक आले. आम्ही पुन्हा पेढ्यांच्या विचारात. पण पेडल दाबून धरले की दहा-बारा सेकंदांत ते आपले आपण खाली झिरपत जाई. बाहेर थेंबभर गळती नाही. म्हणजे तेल आतल्या आत, दट्ट्याच्या कडेने मागे जात होते. खोके नव्या नावाचे, आतला माल नकली. दुकानदार म्हणाला, ‘बसवलेला माल परत घेत नाही.’ बिल मागितले होते तेव्हा त्याने कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला होता. त्या चिटोऱ्यावर दुकानाचे नावसुद्धा नाही!

बहीण त्या दिवशी जेवली नाही. तिने वहीत तो आकडा लिहिला आणि त्यापुढे ‘बुडीत’ लिहिले. आमच्या घरात तो शब्द सावकारीच्या काळानंतर पहिल्यांदाच लिहिला गेला असावा. दुसरा सिलेंडर नाना पेठेतून आणला, तेव्हा बिलावर दुकानाचे नाव, भागाचा क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय ती दुकानातून हलली नाही. असे बिल हातात असले तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. चिटोरा दाखवून मागायला गेलो तर आधी खरेदी केली हेच सिद्ध करत बसावे लागते. पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासाठी बिल सोडणाऱ्या बांधवांनी याचा विचार करावा.

आता एअर काढणे. हे काम दोघांचे असते. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने खाली सिलेंडरवरचा निप्पल उघडायचा, बुडबुडे आणि तेल बाहेर आले की निप्पल बंद करायचा, मगच पेडल सोडायचे. क्रम चुकला आणि उघड्या निप्पलवर पेडल सोडले गेले, तर जी हवा काढली तीच परत आत. शिवाय वरची डबी एकदाही रिकामी होता कामा नये. बहीण पेडलवर, भाचा खाली, आणि गल्लीभर आवाज : ‘दाब! … धर! … सोड!’ पहिल्या दिवशी असे साठ-सत्तर वेळा झाले. शाळेत सकाळी दोनशे मुलांची खिचडी ढवळून आलेली बाई संध्याकाळी एका पायाने क्लच मारते आहे, हे पाहून शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘अगं, शिलाई मशीन घे, त्यापेक्षा कमाई होईल.’ आणि इतके करून पेडल मऊच.

हवा जात का नव्हती? नवीन नळी चॅसिसच्या एका कडेवरून नेताना तिला उंटाच्या पाठीसारखा उंचवटा आला होता. जुनी नळीही तशीच जात होती, पण कारखान्यात तेल यंत्राने भरतात, घरी पायाने. हवा हलकी, ती उंचवट्यात जाऊन बसते. पायाने तेल खाली ढकलले तर हवा थोडी खाली सरकते आणि पाय उचलताच पुन्हा वर जाऊन बसते. हवेला खाली ओढण्याचा हा खटाटोपच उलटा. मग भाच्याने औषधाच्या दुकानातून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली. दुकानदाराला वाटले घरात कोणी आजारी आहे. ‘गाडी आजारी आहे,’ असे सांगितल्यावर त्याने संशयाने पाहिले. खालचा निप्पल उघडून सिरिंजने ताजे ब्रेक ऑइल हळूहळू वर ढकलले, हवा आपल्या स्वभावानेच वर निघाली, आणि डबीत बुडबुड गुळगुळ आवाज येऊ लागला. डबी भरून वाहू नये म्हणून वरून दुसऱ्या सिरिंजने काढून घ्यावे लागते. साठ-सत्तर वेळा मारून जे झाले नाही ते दोन सिरिंजांत झाले. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा, आणि एकदा खालून बाहेर पडलेले जुने तेल पुन्हा आत घालायचे नाही. ताज्या ब्रेक ऑइलची बाटलीही उघडी ठेवू नये, ते हवेतला ओलावा ओढते. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, पाणी प्यायलेले १४० ला. डॉट ४ चे हे आकडे २३० आणि १५५. क्लचपेक्षा ब्रेकला याचे महत्त्व अधिक.

पेडल आता बरेच वर आले, पहिला आणि दुसरा पडू लागले. मागचा गिअर मात्र अजून कर्रर्र. नोटिशीचे चार दिवस उरले होते. भाच्याचा धीर इथे सुटला. तो गाडीखालून बाहेर आला, पाना ठेवला आणि म्हणाला, ‘मामा, तो मिस्त्रीच खरा असेल. प्लेटच असेल. गिअरबॉक्स उतरवू.’ गल्लीत, चार दिवसांत, दोन माणसांनी गिअरबॉक्स उतरवायचा, हे वेडेपण आम्हालाही कळत होते. पण वीस-बावीस वर्षांच्या पोराला आईचे पैसे डोळ्यांपुढे दिसत असतात, तेव्हा त्याच्याशी वाद घालून उपयोग नसतो. आम्ही एवढेच म्हटले की आज राहू दे, उद्या ठरवू.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जागा बदलल्या. पेडलवर भाचा बसला, कारण त्याला पायाने अंदाज घ्यायचा होता, आणि बॅटरी घेऊन खाली बहीण वाकली. (गाडी घोडीवर होती, चाकांना दगड लावलेले होते. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली आमच्याकडे कोणी जात नाही.) भाच्याने पेडल दाबले आणि खालून आवाज आला, ‘थांब रे. परत दाब. ही नळी श्वास घेतेय.’

‘कुठली नळी?’

‘रबराची. तू दाबलेस की फुगते, सोडलेस की बसते. गॅसची नळी अशी झाली तर मी एक दिवस ठेवत नाही.’

तेच ते हरवलेले मिलिमीटर! नळी बाहेरून कोरडी होती, एक चीर नव्हती. पण आतल्या चुकीच्या तेलाने तिचे आतले रबर नरम झाले होते. पूर्वी वरचा सिलेंडर गळका असल्याने नळीला पुरता दाब कधी मिळालाच नव्हता, म्हणून तिचा रोग झाकून राहिला. वरचा भाग धडधाकट झाला तेव्हा ती उघडी पडली. जुन्या गाडीत हे नेहमीच होते. एक जागा मजबूत केली की दाब पुढच्या कच्च्या जागेवर जातो, आणि करणाऱ्याला वाटते की आपण नवीन बिघाड करून ठेवला.

नळी दुकानात अजून आली नव्हती. भाचा जुनी काढून घेऊन तीन दुकाने फिरला. तिसऱ्या दुकानात दोन्ही टोकांचे आटे आणि लांबी जुळवून ती मिळाली. टोकाचे तांब्याचे वायसर नवे घातले. ते एकदा दाबले गेले की दुसऱ्यांदा नीट बसतीलच असे नसते, आणि त्यांची किंमत चहाइतकीही नाही. पुन्हा सिरिंज, पुन्हा बुडबुड.

एक शेवटची गोष्ट राहिली होती, तीत बरेचजण अडकतात. वरच्या दट्ट्याला ढकलणाऱ्या दांडीला आणि दट्ट्याला अगदी थोडी मोकळीक ठेवावी लागते. पेडलला हाताने हलकेच दाबले तर सुरुवातीला किंचित सैल लागले पाहिजे. नवीन काम कडक लागावे म्हणून कोणी ही मोकळीक काढून टाकतो. मग पाय उचलल्यावरही दट्ट्या पुरता मागे येत नाही, डबीकडे जाणारे बारीक भोक झाकलेले राहते. इंजिन तापले की आत कोंडलेले तेल फुगते आणि पाय न लावताच क्लच थोडा दाबलेला राहतो. गाडी चढावर सटकते, प्लेट जळते, आणि मग खरोखरच गिअरबॉक्स उतरवायची पाळी येते. आमच्या सुमोच्या दांडीवर आधीच्या कोणीतरी नट शेवटपर्यंत आवळून ठेवला होता. भाच्याने तो सोडून मोकळीक दिली, नट पुन्हा आवळला आणि अर्धा तास इंजिन चालू ठेवून पाहिले. पेडल जसे थंडीत तसेच गरमीत.

चौदाव्या दिवशी संध्याकाळी इंजिन सुरू करून मागचा गिअर टाकला. आवाज आला नाही म्हणून भाच्याला वाटले पडलाच नाही. पाय हळूच उचलला तेव्हा गाडी मागे सरकली. तिथून स्वतःच्या बळावर गल्ली ओलांडून ती मैदानाच्या कडेला एका ओळखीच्याच्या मोकळ्या जागेत जाऊन उभी राहिली. महिन्याचे थोडे भाडे ठरले आहे. काचेवरच्या नोटिशीचा डिंक अजून निघत नाही.

काढलेले जुने तेल आधी शीतपेयाच्या बाटलीत भरले होते, ते बहिणीने ओरडून दुसऱ्या डब्यात घालायला लावले आणि डब्यावर ‘विष’ लिहून तो वर ठेवला. हे तेल खरोखरच विषारी आहे. पोटात जाता कामा नये, हाताला लागले तर भरपूर पाण्याने धुवावे, रंगावर सांडले तरी पाणीच ओतावे. नकली सिलेंडर भाच्याने करवतीने उभा कापला. आतली भिंत खरखरीत आहे, बोटाला कळते. तो तुकडा त्याने खिडकीत ठेवला आहे, आणि क्लचचा सामान घ्यायला निघालेल्या दोघातिघांना तो बोट फिरवायला देऊनच पुढे पाठवले आहे. बहिणीच्या वहीतली बेरीज मिस्त्रीने सांगितलेल्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत आहे, बुडीत धरून.

आता हॅन्डब्रेक राहिला आहे. तो तारेचा आहे. त्याच्याविषयी पुढच्या खेपेस.